सात नंबरच्या तळ्यावरची पाच मिनिटं

१

बेडूक मोजायचे म्हणजे बघायचे नसतात, ऐकायचे असतात. तिला हे सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तरी चारचौघांत आपलं काम काय ते सांगायची वेळ आली की जीभ अडखळायची. लोक आधी हसायचे, मग विचारायचे, "आणि पगार देतात याचा?"

"आल्या का शिरगणतीवाल्या बाई!" गोदामांच्या फाटकावरचा रखवालदार तिला पाहिलं की खुर्चीतून अर्धा उठायचा. "काय, वाढले की घटले?"

"अजून मोजले नाहीत, काका."

"मोजा, मोजा. तिन्ही पाळ्यांत ओरडतात लेकाचे. मी एका पाळीत डुलकी घेतली तर लगेच तक्रार!"

ती कसंनुसं हसली आणि गमबूट घालायला बाकावर टेकली. फाटक मागे धाडकन लोटलं गेलं तशी दचकून उभीच राहिली. दचकणं तिच्या हाडीमासी होतं. कुकरची शिट्टी झाली तरी छातीवर हात जायचा. बाबा तिला 'ससुली' म्हणायचे.

गोदामांची पत्र्याची छपरं आणि ट्रक उभे करायचं मोठं आवार, या सगळ्यावरचं पाणी वाहून रस्त्यावर तुंबू नये म्हणून आवाराच्या कडेनं नऊ तळी खणली होती. खणणाऱ्यांच्या मनात बेडूक नव्हते. पाण्यावर तेलाची सप्तरंगी साय असायची, काठाला प्लास्टिक अडकलेलं असायचं. तरी दुसऱ्याच वर्षी बेडूक आले. बाबा म्हणायचे, "यांना कुणी आवतण दिलं नव्हतं. पाणी दिसलं, आले. माणसापेक्षा बरे."

बाबांनी पंचवीस वर्षं ही तळी ऐकली. मागच्या वर्षी ते गेले आणि बेडकांची नोंद ठेवणाऱ्या त्यांच्या संस्थेनं तेच काम तिला दिलं. पद्धत ठरलेली. दिवस मावळला की तळ्याच्या रंगवलेल्या खांबापाशी जाऊन उभं राहायचं. बेडकांना आपला विसर पडावा म्हणून दोन मिनिटं तशीच जाऊ द्यायची. मग डोळे मिटून पाच मिनिटं ऐकायचं. आवाज नाही तर शून्य. सुटे सुटे मोजता आले तर एक. एकमेकांत मिसळले तर दोन. आणि सगळं तळं काठोकाठ ओरडत असलं, तर तीन. पाच मिनिटांत हलायचं नाही, बोलायचं नाही. मध्येच ऐकणं मोडलं तर तक्त्यावर 'अपूर्ण' लिहायचं आणि ती फेरी पुन्हा करायची. बाबांच्या पंचवीस वर्षांच्या तक्त्यांत एकही 'अपूर्ण' नव्हतं.

यंदा सगळा जीव सात नंबरच्या तळ्यात अडकला होता. मालकांना ते बुजवून तिथं आणखी ट्रक उभे करायचे होते. मोसमातल्या तीन फेऱ्यांपैकी एकीला तरी पुरते तीन भरले, तर तळं राहणार होतं. नाहीतर त्यावर सिमेंट.

पाण्याशी एकट्यानं जायचं नाही, असाही नियम होता. पण तिची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती. 'हजर' या रकान्यात तिनं १ लिहिलं, खांबापाशी उभी राहिली, डोळे मिटले.

आवाज फुटला. बाबांनी ठेवलेल्या नावांनी ती तो सोडवू लागली. गारगोट्या घासल्यासारखा आवाज करतात ते खडेवाले. बिजागरी कुरकुरल्यासारखे बोलतात ते दारवाले. दोन्ही भरभरून होते. तीन, तिनं मनात म्हटलं, आणि तेवढ्यात आवारातलं पाणी तळ्यात सोडणाऱ्या पाईपाकडची बाजू गप्प झाली.

सगळी नाही. एका माणसाला उभं राहायला लागेल, तेवढीच.

मग तिथले बेडूक पुन्हा ओरडू लागले आणि त्यांच्या शेजारचे गप्प झाले. मग त्यांच्या शेजारचे.

शांतता काठाकाठानं चालत होती.

२

साप असेल. मुंगूस असेल. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन निघाली असेल. घरी परतताना बसच्या खिडकीशी बसून तिनं बोटांवर सात कारणं मोजली आणि सातही तिला पटली. कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं, ते काही उगाच नाही. तक्त्यावर 'दोन' लिहिलं होतं. एक कडा सतत गप्प असेल तर तीन लिहिता येत नाही.

पण कारणं मोजणाऱ्या बोटांना दुसरंच काहीतरी आठवत होतं.

लहानपणी बाबा तिला इथं घेऊन यायचे तेव्हा त्यांचा एक खेळ असायचा. तिनं खांबाला पाठ टेकून डोळे मिटायचे. बाबा पाऊल न वाजवता तळ्याभोवती फेरी मारायचे आणि तिनं ते कुठं आहेत तिकडं बोट दाखवायचं. माणूस चालला की त्याच्या भोवतीचे बेडूक गप्प होतात, तो पुढे सरकला की मागचे सुरू होतात. आवाजाला पडलेलं भोक तेवढं ऐकायचं. तिचं बोट कधी चुकलं नाही. "सापडलो गं ससुली," बाबा पलीकडच्या काठावरून ओरडायचे.

दुसऱ्या फेरीला ती मुद्दाम कोरड्या दिवशी गेली. वारा नव्हता. तिनं पाणकोंबडीची जागा आधी हुडकून ठेवली, गवतात काठी आपटून पाहिली. साप नाही, मुंगूस नाही. मग फोनवर रेकॉर्डिंग लावलं, फोन खांबावर ठेवला आणि डोळे मिटले.

पहिलं मिनिट भरलं. दुसरंही.

तिसऱ्या मिनिटाला पाईपापाशी भोक पडलं.

ते घाईत नव्हतं. पाईपापासून निघालं, झुडपाला वळसा घालून जरा आत आलं, पुन्हा काठाला लागलं. जिथं माती भुसभुशीत होती तिथं रेंगाळलं, जपून पाय टाकावा तसं. मग सांडव्यापाशी पोचलं. सांडवा म्हणजे तळ्यातलं जास्तीचं पाणी बाहेर पडायची सिमेंटची चौकट. तिला लोखंडी जाळी होती आणि जाळीला नेहमी पाला अडकायचा. शांतता तिथं थांबली. बाबा प्रत्येक फेरीत तिथं थांबायचे, आकडीच्या काठीनं पाला काढायला.

तिचं बोट आपोआप वर उठलं होतं. थेट जाळीकडं. तिनं ते दुसऱ्या हातानं खाली दाबलं.

मग पाण्यात काहीतरी पडलं. डबकन. मोठा बेडूक उडी मारतो त्याहून जरासंच मोठं.

तिनं डोळे उघडले नाहीत. उरलेली सगळी मिनिटं तिनं घट्ट मिटून ठेवले. उघडल्यावर तळं होतं, तेलाची साय होती, आणि जाळीपाशी पाण्यावर एकात एक वर्तुळं पसरत होती.

तक्त्यावर पुन्हा 'दोन'.

३

"कसला आवाज लावलायस?" आई ओट्यापाशी भांडी विसळत होती. "आपल्या तळ्याचा? किती वर्षांनी ऐकतेय बाई."

लग्नानंतरची दोन-तीन वर्षं आईही बाबांबरोबर जायची. चहाची बाटली घेऊन काठावर बसायची आणि नंतर म्हणायची, "नवरा बेडकांकडे, मी डासांकडे."

ती टेबलाशी बसून रेकॉर्डिंग मागं-पुढं करत होती. खडेवाले, दारवाले, मग ते भोक. यंत्रात ते आणखी स्पष्ट ऐकू येत होतं. आईनं नळ बंद केला. हात पुसत ती जवळ आली आणि मान तिरकी करून ऐकू लागली.

"झुडपापाशी आत वळले बघ," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "कितीदा सांगितलं, सरळ वाटेनं जा. पण नाही. झुडपातल्या कोळ्यांची जाळी मोडतात म्हणे." जरा थांबून ती म्हणाली, "आता जाळीपाशी थांबतील. ... थांबले."

डबकन आवाज यायच्या आत तिनं बोटानं रेकॉर्डिंग बंद केलं.

"केव्हाचं गं हे?" आईनं विचारलं. "ते असतानाचं ना?"

खोटं बोलायचं तिच्या मनात होतं. तोंडातून मात्र आलं, "परवाचं."

ओट्यावर भांड्यांतून पाणी निथळत होतं. आईनं फोन पालथा ठेवला. मग समोरची खुर्ची ओढून बसली, आणि वर्षभर जो प्रश्न ती दर महिन्याला एकदा विचारायची तो तिनं पुन्हा विचारला.

"त्या दिवशी तू तिथंच होतीस. तुला काहीच ऐकू आलं नाही ना?"

"नाही गं आई. मी तक्ता भरत होते."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

तिला ऐकू आलं होतं. तिला सगळं ऐकू आलं होतं.

मागच्या वर्षी, याच तळ्यावर, बाबांनी पहिल्यांदा ऐकायचं काम पूर्ण तिच्यावर सोपवलं होतं. "मी फेरी मारून पाला काढतो आणि तिथंच उभा राहतो. तू ऐक. काही झालं तरी पाच मिनिटं हलायचं नाही, ससुली. तू दचकतेस, म्हणून सांगतो. दचकलीस तरी जागेवरच दचक." ते हसले होते. तीही हसली होती. तिनं डोळे मिटले. दुसरं मिनिट नुकतंच सरलं होतं, तेव्हा जाळीकडून डबकन आवाज आला आणि ती बाजू गप्प झाली. ती जागेवरच दचकली. पण ती हलली नाही. उलट तिला स्वतःचं कौतुक वाटलं. पाच मिनिटं पुरी करून तिनं डोळे उघडले, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तिसऱ्या मिनिटाला सांडव्याकडची बाजू गप्प.' खाली रेघ मारली. आणि मगच मान वर केली.

पाणी गुडघाभर होतं. बाबा त्यात पालथे होते.

"हृदयाचा झटका," डॉक्टर म्हणाले होते. "पण पाणीही गेलंय आत. दोन-तीन मिनिटं आधी काढलं असतं, तर..." पुढचं वाक्य त्यांनी चष्म्याबरोबर खिशात ठेवलं.

तो तक्ता ऑफिसात फाईलला लागला होता. पूर्ण. सही तिची.

४

तिसऱ्या फेरीच्या दिवशी फाटकापाशी आखणीच्या खुंट्यांचा ढीग पडला होता.

"उद्या ठोकणार म्हणे," रखवालदार म्हणाला. आज त्यानं शिरगणतीची थट्टा केली नाही. "बाई, एक सांगू? मला आता त्यांच्या ओरडण्याशिवाय झोप लागायची नाही."

आभाळ अजून पुरतं विझलं नव्हतं. ती खांबापाशी उभी राहिली. गळ्यातलं थांबघड्याळ मुठीत धरलं. दोन मिनिटं गेली. कळ दाबली, डोळे मिटले.

असा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. पाईपापासून सांडव्यापर्यंत, काठापासून मध्यापर्यंत, बोट ठेवायला जागा नव्हती. खडेवाले, दारवाले, आणि ज्यांना बाबांनी नावच दिलं नव्हतं तेही. तीन. निखळ तीन. फक्त पाच मिनिटं कुणी हलता कामा नये.

बाबा, आज नको. तिनं ओठ न हलवता म्हटलं. आज एक दिवस बसून राहा कुठंतरी. तुमचंच तळं आहे.

पाईपापाशी भोक पडलं.

झुडूप. वळसा. भुसभुशीत माती. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती एकेक पाऊल ओळखत होती. जाळी. थांबणं. पाला काढायला लागतो तेवढा वेळ.

डबकन.

पायांना तीच सवय होती, जागेवरच दचकायची. हलू नको, अपूर्ण होईल, कारण काय लिहिशील, संस्थेतले साहेब हसतील, तिकडं कुणीही नाहीये हे तुला माहीत आहे. सगळं खरं होतं. मागच्या वर्षीही तिच्याकडं न हलण्याची अशीच खरीखुरी कारणं होती.

ती पळाली.

डावीकडच्या काठानं, गवतातून, दोनदा घसरत. सांडव्याच्या चौकटीवर न थांबता तिनं सरळ पाण्यात उडी टाकली आणि दोन्ही हात खाली घातले. पाला. प्लास्टिक. दोरीचा तुकडा. जाळीचे गज. ती चाचपडत राहिली. बोटांना माणूस लागेल अशी भीती होती आणि लागणार नाही अशीही, आणि दोन्हींत मोठी कुठली ते तिला कळेना.

काही नव्हतं.

परत फिरायला तिनं पाय उचलला, तर तो आला नाही. वर्षभर कुणी पाला न काढल्यानं जाळी तुंबून पाणी कमरेपर्यंत चढलं होतं आणि तळाशी गाळ साचला होता. एक पाय सोडवायला जोर केला तशी दुसरा मांडीपर्यंत गेला. पाणी छातीला लागलं. मग गळ्याला. गज बुळबुळीत होते, हात टिकेना.

"काका!" ती ओरडली. फाटक दूर होतं. "काका!"

तिच्याभोवतीचे बेडूक गप्प होते; साहजिकच, ती हलत होती. पण बाकीचे हळूहळू बोलू लागले. पाईपापाशी सुरू झाले. झुडपापाशी झाले. पलीकडचा सगळा काठ भरून आला.

फक्त एका ठिकाणी नाही.

खांबापाशी. ती मघाशी जिथं उभी होती, तिथं आवाजाला एका माणसाएवढं भोक होतं. ते चालत नव्हतं. ते उभं होतं.

तिथं दिसत काहीच नव्हतं. संधिप्रकाशात पांढरा खांब आणि त्यावरचा सात. पण ते काय करत होतं हे तिच्याइतकं जगात कुणाला कळणार होतं? ते डोळे मिटून ऐकत होतं. डबकन ऐकलं होतं, ही बाजू गप्प झालेली ऐकली होती, आणि आता पाच मिनिटं भरायची वाट बघत होतं.

पाणी हनुवटीला लागलं. तिला राग आला नाही. तिला फक्त कळलं, की इथून तो खांब केवढा जवळ दिसतो.

"बाबा," ती म्हणाली. ओरडायला श्वास नव्हता. "बाबा, मी आहे."

खांबापाशी एक खडेवाला बोलला. मग दुसरा. तिथली शांतता भरून येत होती, आणि खांबाच्या अलीकडचे बेडूक गप्प झाले होते. मग त्यांच्या अलीकडचे. पाण्याकाठी पळायचं नाही, हे बाबांनी तिला हजारदा बजावलं होतं. ते स्वतः कधी भरभर चाललेही नव्हते. पण हे चालणं नव्हतं. दहा-दहा, वीस-वीस आवाज एकदम विझत होते. झुडपाला वळसा घातला नाही. भुसभुशीत मातीवर जपलं नाही. मागच्यांना पुन्हा सुरू व्हायला उसंतच मिळत नव्हती. सरळ रेषेत, काठ सोडून, पाण्यावरून, तिच्याकडं.

सगळं तळं गप्प झालं.

५

रखवालदाराला ती चौकटीच्या वरच्या गवतावर बसलेली सापडली. एक गमबूट पायात, दुसरा गाळात.

"अहो, काय हे! कुणी काढलं तुम्हाला?"

"निघाले." तिचे दात वाजत होते.

त्यानं आपला कोट तिच्यावर टाकला, आणि टाकता टाकता थबकला. तिच्या रेनकोटावर दोन्ही काखांखाली गाळाचे पट्टे होते, पाठीकडून पुढे आलेले. लहान मुलाला मागून उचलावं तसे. त्यानं बटणं लावली.

थांबघड्याळ कुठल्यातरी क्षणी बंद पडलं होतं. चार मिनिटं, बारा सेकंद.

तिनं ते रखवालदाराच्या बॅटरीच्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचलं. मग तक्ता मागितला. तो खांबापाशी कोरडाच होता. 'आवाज' या रकान्यात तिनं रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं: 'अपूर्ण.' पेन टोपणात घालून पुन्हा काढलं. वर, 'हजर' या रकान्यात, एकाचे दोन केले.

अपूर्ण फेरी पुन्हा करावी लागते. खुंट्या आठवडाभर फाटकापाशीच पडून राहिल्या.

त्या आठवड्यात एका दुपारी तिनं आईला सगळं सांगितलं. डबकन, जागेवरचं दचकणं, सुवाच्य अक्षर, रेघ. आई ऐकत होती. मध्ये एकदा ती उठून गॅलरीत गेली, बऱ्याच वेळानं परत आली, आणि म्हणाली, "वर्षभर एकटीच घेऊन बसलीस होय गं?" मग दोघी जेवल्या नाहीत आणि झोपल्याही नाहीत.

पुन्हा करायच्या फेरीला आई बरोबर आली. चहाची बाटली घेऊन गवतावर बसली. तिनं 'हजर'पुढं दोन लिहिलं, नवीन घड्याळाची कळ दाबली आणि डोळे मिटले.

पहिलं मिनिट. दुसरं. तिसरं. पाईपापाशी ओरडत होते. झुडपापाशी ओरडत होते. जाळीच्या चौकटीवर तर नुसता कल्ला होता. चौथं. पाचवं. कुठंही, केसाएवढंही भोक नाही. तीन. निखळ तीन. तळं राहिलं.

घड्याळ थांबलं तरी तिनं डोळे उघडले नाहीत. तिनं हात वर केला आणि बोट पुढं धरलं. ते पाईपाकडं नेलं, काठाकाठानं सांडव्याकडं आणलं, पाण्यावरून फिरवून खांबापर्यंत परत घेतलं. सगळीकडं आवाज होता. दाखवायला जागाच नव्हती.